सामायिक प्रिंटरची जोडणी : अंबड, नाशिक येथील कामाच्या नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

अंबड येथील एका द्राक्ष निर्यातदाराच्या कार्यालयातून प्रिंट निघत नसल्याची तक्रार आल्यावरून आज सकाळी पाहणी केली. कार्यालयात सात संगणक आणि एक लेझर प्रिंटर आहे. प्रिंटरला नेटवर्क केबल लावण्याची सोय नाही. तो यूएसबी केबलने लेखा विभागाच्या संगणकाला जोडलेला असून तेथून इतर सहा जणांसाठी शेअर केलेला आहे. हंगाम नुकताच सुरू झाला आहे, आणि कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे निघण्यापूर्वी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट व तपासणीची कागदपत्रे सह्या-शिक्क्यांसह हातात असावी लागतात, त्यामुळे गेले आठ दिवस प्रत्येक जण आपली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन लेखा विभागातील मॅडमच्या टेबलाशी उभा राहत आहे. मॅडमचे स्वतःचे काम त्यामुळे जवळजवळ थांबले आहे.

सर्वांचे म्हणणे एकच होते, की प्रिंटर बिघडला. प्रिंटरवरील बटण दाबून चाचणी पान काढले, ते स्वच्छ निघाले. मॅडमच्या संगणकावरूनही प्रिंट निघते. म्हणजे दोष वाटेत आहे. चौकशीत असे कळले की डिसेंबरच्या अखेरीस मॅडमचा जुना संगणक बदलून विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती असलेला नवा संगणक बसवला गेला आणि तक्रारी त्याच सुमारास सुरू झाल्या.

त्यानंतर प्रत्येकाला माझ्यासमोर प्रिंट द्यायला सांगितले आणि पडद्यावर येणारा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला. मागच्या खोलीतील दोन लॅपटॉपना मॅडमचा संगणक सापडतच नाही. डॉक्युमेंटेशनचे दोन विंडोज १० संगणक आणि डिस्पॅचचा विंडोज ७ संगणक युजरनेम व पासवर्ड मागतात, आणि कोणताही पासवर्ड दिला तरी तो नाकारला जातो. साहेबांच्या केबिनमधील संगणक पासवर्ड मागत नाही, मात्र जोडणी करताना ०एक्स०००००६बीए हा एरर देतो. तक्रार एक असली तरी दोष किमान तीन आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. आज कोणत्याही सेटिंगला हात लावला नाही. पहिल्याच दिवशी चार ठिकाणी बदल केले की कशाने काय झाले ते नंतर कळत नाही, हा अनुभव मी पूर्वी पुरेसा घेतला आहे.

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

मागच्या खोलीपासून सुरुवात केली. तेथील लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ही नेटवर्कचा तपशील दाखवणारी आज्ञा चालवल्यावर पत्ता १९२.१६८.०.१२ असा दिसला, तर मॅडमच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१०४ आहे. कारण खोलीतच होते. वाय-फायची रेंज पोहोचत नाही म्हणून कोणीतरी कपाटावर दुसरा राउटर ठेवला होता आणि पुढच्या स्विचकडून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठी असलेल्या खोबणीत, खोचली होती. अशा जोडणीत दुसरा राउटर स्वतःचे वेगळे नेटवर्क तयार करतो. त्याच्या मागे बसलेल्या लॅपटॉपला इंटरनेट मिळते, एवढेच नव्हे तर १९२.१६८.१.१०४ या पत्त्याला पिंग केल्यास, म्हणजे चाचणी संदेश पाठवल्यास, उत्तरही येते, परंतु संगणकाचे नाव शोधण्यासाठी दिलेली हाक त्या राउटरच्या पलीकडे जात नाही. नावाने सापडत नाही आणि क्रमांकाने सापडतो, ही खूण दिसली की मी आधी कपाटावर पाहतो.

जुन्या संगणकाच्या काळात हे लॅपटॉप प्रिंट कशी काढत होते, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर असे मिळाले की ते कधीच काढत नव्हते. ते दोघे सुरुवातीपासूनच पेन ड्राइव्ह वापरत होते आणि गर्दी वाढल्यावर त्यांनीही तक्रारीत नाव घातले.

दुसऱ्या राउटरमधील डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याची सोय, बंद केली, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला आणि केबल वॅन पोर्टमधून काढून आतल्या संगणकांसाठीच्या लॅन पोर्टमध्ये लावली. आता तो केवळ वाय-फाय पुरवतो आणि पत्ते पुढचा राउटरच वाटतो. लॅपटॉपवर मॅडमचा संगणक नावाने दिसू लागला. अर्थात उघडल्यावर त्यानेही पासवर्ड मागितला.

बुधवार, ८ जानेवारी २०२५

पासवर्डचा प्रश्न. जुन्या संगणकावर पासवर्ड संरक्षण बंद ठेवलेले होते, म्हणजे जो येईल त्याला पाहुणा समजून आत घेतले जात होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो प्रकारात, फाइल व प्रिंटर शेअरिंगचा संवाद स्वाक्षरीबद्ध, म्हणजे वाटेत फेरफार झाला नसल्याची डिजिटल खूण असलेला, असणे मूलतः सक्तीचे झाले आहे, आणि पाहुण्याच्या सत्रावर स्वाक्षरी होऊ शकत नाही, कारण त्यासाठी लागणारी गुपित किल्ली पासवर्डमधूनच तयार होते. त्यामुळे जुनी सोय नव्या संगणकावर चालत नाही. ही सक्ती बंद करता येते आणि ती कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या नेटवर्कवर निर्यातीचे बँक तपशील फिरतात तेथे पाहुण्यांसाठी दार उघडे ठेवणे मला पटले नाही.

दुसरी अडचण अशी की नवा संगणक लावून देणाऱ्याने त्यावर साहेबांचेच मायक्रोसॉफ्ट खाते वापरले आहे आणि मॅडम रोज चार आकडी पिन टाकून काम सुरू करतात. तो पिन त्या एका यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून तो चालत नाही. डॉक्युमेंटेशनमधील मंडळी आठ दिवस तोच पिन पासवर्डच्या रकान्यात टाकत होती. साहेबांच्या केबिनमध्ये पासवर्ड का विचारला जात नव्हता, तेही यातून उलगडले: दोन्हीकडे खाते एकच आहे.

मॅडमच्या संगणकावर 'छपाई' नावाचे एक साधे स्थानिक खाते तयार केले, त्याला प्रशासकाचे अधिकार दिले नाहीत आणि पासवर्ड मात्र लांब ठेवला. रिकाम्या पासवर्डचे स्थानिक खाते विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, म्हणून ती पळवाट मुळातच बंद असते. नंतर प्रत्येक संगणकावर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (जतन केलेल्या पासवर्डच्या यादीत) विंडोज क्रेडेन्शियल म्हणून मॅडमच्या संगणकाचे नाव, उलटी तिरकी रेघ आणि खात्याचे नाव अशी नोंद जतन केली. संगणकाचे नाव पुढे न लावल्यास आलेला मनुष्य आपल्याच घरचा आहे असे समजून विंडोज कधी कधी चुकीच्या खात्याने प्रयत्न करते, म्हणून ते लिहिणे आवश्यक आहे.

सायंकाळी सर्वांना मॅडमचा संगणक उघडता आला आणि प्रिंटरचे चिन्ह दिसले. त्यावर क्लिक केल्यावर सर्वत्र ०एक्स०००००६बीए. कालपर्यंत केबिनपुरता असलेला एरर आता सगळ्यांचा झाला. डॉक्युमेंटेशनमधील दादा म्हणाले, "साहेब, आधी निदान पासवर्ड तरी मागत होता." काम पुढे सरकले आहे हे त्यांना पटवणे अवघड गेले.

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

६बीए हा सोळाच्या पायावरील आकडा दशमानात १७२२ होतो, आणि विंडोजच्या यादीत १७२२ म्हणजे आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही. आरपीसी म्हणजे एका संगणकाने दुसऱ्यावरील सेवेला काम सांगण्याची पद्धत. या एररचा प्रिंटरशी किंवा ड्रायव्हरशी संबंध नाही. पलीकडची सेवा हाकेला उत्तर देत नाही, एवढेच तो सांगतो. मॅडमच्या संगणकावर छपाईची कामे रांगेत लावणारा प्रिंट स्पूलर चालू होता. म्हणून केबिनमधील संगणकावर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा दोन वेळा दिली, एकदा पोर्ट ४४५ साठी आणि एकदा पोर्ट १३५ साठी. येथे पोर्ट म्हणजे संगणकातील सेवेचा क्रमांकित दरवाजा. पहिल्याचे उत्तर तत्काळ आले, ट्रू. दुसऱ्या वेळी पडद्यावर पिवळ्या अक्षरांत इशारा येऊन बराच वेळाने फॉल्स उमटले. दोष तेथे सापडला.

शेअर केलेले फोल्डर आणि प्रिंटरची नावे दाखवण्याचे काम ४४५ वरून होते, त्यामुळे चिन्ह दिसते. प्रत्यक्ष छपाईची बोलणी मात्र आरपीसीवरून होतात, आणि विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून ही बोलणी मूलतः टीसीपीवरूनच, म्हणजे नेटवर्कवरच्या थेट जोडणीनेच, केली जातात. त्यात प्रथम पोर्ट १३५ वर विचारणा होते आणि तेथून ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यातील एखादा पोर्ट सांगितला जातो. पूर्वी हेच बोलणे नेम्ड पाइपच्या मार्गाने, म्हणजे ४४५ च्याच आडोशाने, होऊ शकत असे. तो मार्ग नव्या आवृत्तीत बंद ठेवलेला असतो. विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) खाजगी नेटवर्कसाठी स्पूलरचे नियम बरोबर होते. परंतु नव्या संगणकासोबत आलेल्या अँटिव्हायरसने फायरवॉलचा ताबा स्वतःकडे घेतला होता आणि त्यात फक्त फाइल शेअरिंगला परवानगी होती. त्यामध्ये स्थानिक नेटवर्कपुरती आरपीसीला व स्पूलरला परवानगी देणारा नियम जोडला. नेम्ड पाइप पुन्हा सुरू करण्याचे धोरण लावूनही काम भागले असते, पण योग्य वाट उपलब्ध असताना जुनी वाट उघडण्याचे कारण नव्हते.

केबिनमधून पहिले पान निघाले. डॉक्युमेंटेशनच्या संगणकांवर ड्रायव्हर बसवताना प्रशासकाचा पासवर्ड मागितला गेला. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून हे सर्वत्र असेच आहे, म्हणून स्वतः बसून तो दिला. लॅपटॉपही चालू झाले. आता डिस्पॅच राहिले.

शुक्रवार, १० जानेवारी २०२५

डिस्पॅचच्या विंडोज ७ संगणकावर आज ०एक्स०००००११बी हा एरर आला, आणि तो येणार याची मला कल्पना होती. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने छपाईच्या आरपीसी बोलण्यातील एक कच्चा दुवा दुरुस्त केला आणि त्याच वर्षीच्या १४ सप्टेंबरच्या अपडेटपासून ती दुरुस्ती सक्तीची केली. तेव्हापासून प्रिंटर शेअर करणारा संगणक असे म्हणतो की बोलणे कूटबद्ध असेल तरच मी ऐकेन. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट मिळणे, १४ जानेवारी २०२० रोजीच संपला असल्यामुळे या संगणकाला ती दुरुस्ती कधी मिळालीच नाही. त्याला ती भाषा येत नाही.

यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे शेअर करणाऱ्या संगणकाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, प्रिंट या कीखाली एक नोंद करून तिची किंमत शून्य ठेवणे. त्याने एरर जातो, हे खरे आहे. परंतु ती नोंद मॅडमच्या संगणकावर करावी लागते, म्हणजे एका जुन्या यंत्रासाठी उरलेल्या पाचही जणांचे संरक्षण काढून घ्यावे लागते. नाशिकमधील किमान डझनभर कार्यालयांत मी ही शून्याची नोंद पाहिली आहे, आणि ती कोणी व कशासाठी केली हे एकाही ठिकाणी कोणाला सांगता आले नव्हते.

हा संगणक बदलता का येत नाही, असे डिस्पॅचच्या काकांना विचारले. गाड्यांचे गेटपास काढण्याचा जुना प्रोग्रॅम त्यावरच चालतो आणि तो लिहून देणारा माणूस आता या व्यवसायात नाही. काका म्हणाले, "हे मशीन गेलं तर गेटपास मी हाताने लिहीन, पण या महिन्यात नको."

म्हणून दुसरी वाट घेतली. विंडोज ७ वर प्रिंटर शेअर म्हणून न जोडता स्थानिक प्रिंटर म्हणून बसवला, ड्रायव्हर त्याच संगणकावर टाकला आणि नवा लोकल पोर्ट तयार करून त्याच्या नावाच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघांसह मॅडमच्या संगणकाचा पत्ता व शेअरचे नाव लिहिले. अशा रचनेत पान डिस्पॅचच्या यंत्रातच तयार होते आणि तयार झालेला मजकूर ४४५ वरून पलीकडे जातो. आरपीसीची बोलणी लागतच नाहीत. चाचणी पान निघाले. काकांनी ते दुमडून खिशात ठेवले.

सोमवार, १३ जानेवारी २०२५

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला, की डिस्पॅचची प्रिंट बंद आहे. ही चूक माझी आहे आणि ती येथे नोंदवणे भाग आहे. लोकल पोर्ट तयार करताना मी संगणकाच्या नावाऐवजी १९२.१६८.१.१०४ हा क्रमांक लिहिला होता, कारण शुक्रवारी त्या जुन्या यंत्राला नाव सापडायला वेळ लागत होता आणि मला निघायची घाई होती. शनिवारी देखभालीसाठी वीज बंद होती. राउटर बंद पडला तेव्हा कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी विसरला आणि वीज आल्यावर कोणाच्यातरी मोबाइलने १०४ हा पत्ता आधी घेतला. मॅडमच्या संगणकाला १०७ मिळाला. डिस्पॅचचे तीन गेटपास सकाळभर एका मोबाइलच्या दारावर धडका मारत राहिले.

राउटरमध्ये मॅडमच्या संगणकाच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकासाठी, १९२.१६८.१.११० हा पत्ता राखून ठेवला आणि लोकल पोर्टमध्ये आता क्रमांकाऐवजी संगणकाचे नाव लिहिले. अडकलेले काम काढण्यासाठी डिस्पॅचच्या संगणकावरील स्पूलर सेवा थांबवली, सिस्टीम३२ मधील स्पूल फोल्डरच्या आतील प्रिंटर्स या फोल्डरमधील फाइल्स पुसल्या आणि सेवा पुन्हा सुरू केली. काकांकडे दिलगिरी व्यक्त केली.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

मकर संक्रांत. साडेदहाला साहेबांचा फोन आला आणि सणाचा दिवस असूनही बोलणे फारसे गोड नव्हते. एकाही संगणकावरून प्रिंट जात नव्हती, आणि दुपारी एक कंटेनर निघणार होता. कारण विचारायला फार वेळ लागला नाही: मॅडम आज रजेवर आहेत आणि त्यांचा संगणक बंद आहे. फोनवरून तो सुरू करायला सांगितला आणि सात मिनिटांत छपाई पूर्ववत झाली.

गेल्या आठवड्यात दुपारी अडीचच्या सुमारास दोन वेळा प्रिंट अडकल्याचे डॉक्युमेंटेशनमधून कळवले गेले होते. मॅडम जेवायला गेल्यावर अर्ध्या तासाने त्यांचा संगणक झोपी जातो, हे त्याचे कारण असल्याचे आज लक्षात आले. स्लीप बंद केले.

मात्र या निमित्ताने साहेबांशी सविस्तर बोललो. आतापर्यंत केलेली प्रत्येक दुरुस्ती योग्य होती, असे मी मानतो, परंतु त्या सर्वांचा पाया असा आहे की सहा जणांच्या कामाची वाट सातव्याच्या टेबलावरून जाते. मॅडमचा संगणक अपडेटनंतर पुन्हा सुरू होत असेल, 'छपाई' खात्याचा पासवर्ड बदलला गेला असेल, अँटिव्हायरसने नवा नियम लावला असेल, किंवा त्या हळदीकुंकवाला लवकर घरी गेल्या असतील, तर प्रत्येक वेळी सर्वांची छपाई थांबेल. नेटवर्क पोर्ट असलेला प्रिंटर घ्यावा, असे सुचवले. साहेबांनी विचारले, मग हे आठ दिवस कशासाठी गेले. प्रश्न रास्त होता. नवा प्रिंटर येईपर्यंत कंटेनर थांबले नसते, एवढेच उत्तर माझ्याकडे होते.

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

एम. जी. रोडवरील दुकानातून नेटवर्क पोर्ट असलेला लेझर प्रिंटर आणला. घेताना दुकानदाराशी केवळ दोन मुद्द्यांवर अडून बसलो: वाय-फाय असो वा नसो, केबलचा पोर्ट हवा, आणि विंडोज ७ चा ड्रायव्हर मिळाला पाहिजे.

सोमवार, २० जानेवारी २०२५

प्रिंटर स्विचला केबलने जोडला आणि त्याच्यासाठी १९२.१६८.१.१२० हा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला. विंडोज ११ च्या संगणकांनी त्याला स्वतःहून शोधून यादीत घेतले, पण ती जोडणी डब्ल्यूएसडी पोर्टची होती. या प्रकारात विंडोज प्रिंटरला हाका मारून शोधत असते आणि हाक कानी पडली नाही की चालू असलेला प्रिंटरही ऑफलाइन दाखवते. म्हणून त्या नोंदी काढून टाकल्या आणि प्रत्येक संगणकावर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट तयार करून, रॉ पद्धत व पोर्ट ९१००, असा थेट पत्ता दिला. पोर्टच्या सेटिंगमधील एसएनएमपीने प्रिंटरची स्थिती विचारण्याची खूणही काढली, कारण तिचे उत्तर न आल्यानेसुद्धा तोच खोटा ऑफलाइन दिसतो. विंडोज ७ ला येथे ना पासवर्ड लागला, ना आरपीसी. ड्रायव्हर बसताच डिस्पॅचची प्रिंट निघाली.

बुधवार, २२ जानेवारी २०२५

लॅपटॉपवरून दिलेली पॅकिंग लिस्ट निघत नाही आणि प्रिंटरवर नारिंगी दिवा लुकलुकतो, अशी तक्रार आली. नेटवर्क पुन्हा तपासायला घेणार, इतक्यात प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर लेटर कागद भरा असा संदेश दिसला. नव्या ड्रायव्हरमध्ये कागदाचा आकार मूलतः लेटर होता, ट्रे एफोरने भरलेला होता, आणि आपल्याकडे कोणी लेटर आकाराचा कागद ठेवत नाही. प्रिंटर बिचारा तो कागद येईपर्यंत वाट पाहत होता आणि त्याच्या मागे इतरांची कामे खोळंबली होती. सातही संगणकांवर प्रिंटिंग प्रेफरन्सेस आणि प्रिंटिंग डिफॉल्ट्स या दोन्ही ठिकाणी एफोर केले. पहिल्या ठिकाणचा बदल त्या त्या वापरकर्त्यापुरताच राहतो.

सोमवार, २७ जानेवारी २०२५

पाच दिवस तक्रार नाही. मॅडमच्या संगणकावरील प्रिंटरचे शेअरिंग बंद केले, अँटिव्हायरसमध्ये जोडलेला आरपीसीचा नियम काढला, 'छपाई' हे खाते पुसले आणि सहा संगणकांच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधील नोंदी हटवल्या. जुना प्रिंटर मॅडमकडेच राहील. व्हाउचर छापायला त्यांना तो लागतो.

डिस्पॅचच्या विंडोज ७ संगणकाचे इंटरनेट राउटरमधून बंद केले असून त्याला केवळ कार्यालयातील नेटवर्कवर, म्हणजे प्रिंटरपर्यंत, जाता येते. डॉक्युमेंटेशनच्या दोन विंडोज १० संगणकांचा आधार संपण्याची १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख साहेबांना लेखी कळवली. नव्या प्रिंटरच्या झाकणावर त्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. काकांनी तिच्याखाली पेनाने 'बंद करू नये' असे लिहिले आहे, ते राहू दिले.